‘मामा, इंडी म्हंजे इंडियनच ना?’ : इंडी रॉक आणि ते दुसऱ्याला ऐकवण्याबद्दल थोडं सविस्तर

दिवाळीला भाचा आला होता. संध्याकाळी बागेतून परतलो, हातपाय धुतले आणि ओसरीवर बसून फोनवर एक गाणं लावलं. एक गिटार, आणि एक गोरा माणूस अगदी वरच्या पट्टीत, जणू स्वतःशीच गातोय. आई आतून म्हणाली, "कोन रडून राह्यलं बाप्पा?" भाच्यानं फोन उचलून पाहिला. ज्या यादीतून गाणं लावलं होतं तिचं नाव होतं ‘इंडी’.

"मामा, इंडी म्हंजे इंडियनच ना? मंग हा गोरा काऊन गाऊन राह्यला?"

हसायला आलं, पण प्रश्न खुळा नव्हता. १९९०च्या दशकात आपल्याकडे सिनेमाबाहेरच्या गाण्यांना ‘इंडीपॉप’ म्हणायचे, आणि त्यातला इंडी खरोखरच इंडियन होता. आता ॲपवर इंडीच्या यादीत दिल्ली-बंगळुरूचे बँड असतात तसे मँचेस्टरचेही असतात. हा इंडी वेगळा, इंडिपेंडंटचं तोडलेलं रूप. म्हणजे स्वतंत्र. कशापासून स्वतंत्र, हे वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या माणसाला समजावणं सगळ्यात सोपं, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी संत्र्याचा सौदा करून हात पोळून घेतलेले आहेत.

## उक्ती बाग आणि स्वतःचं क्रेट

आंबिया बहाराची संत्री झाडावर असतानाच व्यापारी येतो. बाग फिरून पाहतो, अंदाज बांधतो, सगळी बाग उक्ती म्हणजे एकठोक ठरवतो, इसार देतो. त्यानंतर फळ तुमच्या वावरात लटकत असलं तरी ते तुमचं नसतं. तोडा कधी, माल कुठल्या मंडीत, सगळं तोच ठरवणार. भाव पडला की तोडा लांबतो, फोन उचलला जात नाही, आणि तुम्हाला तेच फळ दुसऱ्याला विकताही येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे स्वतः तोडून क्रेट भरायचे आणि स्वतः विकायचे. कष्ट आपले, गाडीभाडं आपलं, नासलं तर तेही आपलं. पण भाव ठरताना आपण तिथं उभे असतो.

गाण्यांच्या धंद्यात ध्वनिमुद्रण बाजारात आणणाऱ्या कंपनीला लेबल म्हणतात. जगात आज तीन लेबलं अवाढव्य आहेत: युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. मोठ्या लेबलाच्या नेहमीच्या करारात कलाकाराला आधी उचल मिळते आणि सालदाराच्या उचलीसारखी ती त्याच्याच वाट्यातून फिटेपर्यंत कापली जाते. वर मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला मास्टर म्हणतात, तेही बहुधा कंपनीच्या नावावर चढतं. आपला व्यापारी निदान फळच नेतो. इथं झाड सातबाऱ्यासकट जातं.

हा सौदा न करता जे स्वतः किंवा एखाद्या छोट्या लेबलाला धरून गाणी काढतात, ते इंडी. मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या बँडमधल्या चौघांनी डिसेंबर १९७६ मध्ये घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये १००० रेकॉर्ड स्वतःच छापून विकायला काढल्या. त्या खपल्या, मग आणखी छापल्या. कंपनीच्या दारात उभं राहिल्याशिवायही रेकॉर्ड निघते, हे त्यानंतर इंग्लंडातल्या पुष्कळ पोरांना कळलं.

जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डची वेगळी क्रमवारी सुरू झाली. तिची अट गाणं कसं वाजतं याबद्दल नव्हतीच. रेकॉर्ड दुकानापर्यंत पोचवणारी यंत्रणा मोठ्या कंपन्यांची नसावी, एवढीच अट होती. म्हणजे इंडीची व्याख्या सुरातून आली नाही, वाटपातून आली. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे जाहिरात नाही, रेडिओवर वशिला नाही, सिनेमा नाही, त्याचं गाणं आमच्या गावापर्यंत येणार कसं? कुणीतरी ऐकून दुसऱ्याला दिलं तरच. इथं ऐकणाराच हमाल आणि ऐकणाराच दलाल, फक्त दलाली मिळत नाही.

## मग आवाज असा रडका का?

आईच्या प्रश्नाचंही उत्तर द्यायला हवं. रॉक म्हणजे ढोबळमानानं इलेक्ट्रिक गिटार, बेस (खालच्या, जाड सुरांची गिटार) आणि ड्रमवर उभं असलेलं गाणं. आणि इंडीवाल्यांकडे पैसा कमी. १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आलं. आपल्या साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरता येतील असं. आधी गिटार भरा, मग तिच्यावर ड्रम, मग गळा. स्टुडिओचं भाडं वाचलं, पण फीत खरखरायची. या कच्च्या, खरखरीत आवाजाला लो-फाय म्हणतात. सुरुवातीला ती अडचण होती. पुढं काहींना तीच आवडायला लागली, चुलीवरच्या भाकरीचा करपट डाग आवडावा तशी. हळूहळू ‘इंडी’ हे धंद्याच्या पद्धतीचं नाव होतं ते एका प्रकारच्या आवाजाचंही झालं, आणि तेव्हापासून गोंधळ आहे तो आहेच.

आईला रडताना ऐकू आला तो माणूस म्हणजे अमेरिकेचा जस्टिन व्हर्नन. २००६-०७ च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिन राज्यात वडिलांच्या शिकारीच्या लाकडी खोपटात जाऊन एकटा राहिला आणि तिथंच गाणी भरली. २००७ मध्ये ‘बॉन इव्हेर’ या नावानं त्यानं तो अल्बम स्वतःच काढला, २००८ मध्ये एका छोट्या लेबलानं तो पुन्हा काढला. हे मला कळायच्या आधीच ती गाणी मी हरभऱ्याच्या जागलीवर ऐकली होती. जानेवारीची थंडी, शेकोटी, लांबून कुणाच्यातरी वावरातली हाळी. त्या आवाजातलं एकटेपण मला समजावून सांगावं लागलं नाही. (एकाच कानात ऐकायचं, हे आमच्याकडच्या वाचकांसाठी. दोन्ही कानांत इयरफोनची बोंडं कोंबली तर रानडुकरं बांधापर्यंत वाटाणे-हरभरे सगळं साफ करून जातात. अनुभव आहे.)

## अल्बम म्हणजे गाण्यांची थैली?

नाही. अल्बम म्हणजे ठरावीक क्रमानं बांधलेला गाण्यांचा संच. जुन्या मोठ्या रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण २०-२२ मिनिटं मावायची. दोन बाजू मिळून चाळीसेक मिनिटं. तेवढ्या जागेत कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, पहिली बाजू कशावर संपवायची, यावर बँडमध्ये भांडणं होत. आता रेकॉर्ड कुणी उलटत नाही, तरी ती सवय टिकली आहे. आपल्या भजनी मंडळाला हे सांगायची गरज नाही. रूपाच्या अभंगानं सुरुवात होते आणि शेवट कशानं होतो हे ठरलेलं असतं. मधूनच एखाद्यानं "ते जोरात वालं घ्या" म्हटलं तर बुवा कसे बघतात, आठवा. म्हणून अल्बम पाठवाल तेव्हा शफल बंद ठेवायला सांगा. शफल म्हणजे ॲपनं गाणी पिसून वाटेल त्या क्रमानं वाजवणं.

## "ॲप सांगतंच की काय ऐकायचं. माणूस कशाला पाहिजे?"

हा आक्षेप मला पानठेल्यावर दर आठवड्याला ऐकावा लागतो, आणि त्यात तथ्य आहे. ॲपच्या शिफारशीमागचं मुख्य गणित असं: ज्यांनी हे गाणं ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं, ते बघा आणि याला दाखवा. कृषी केंद्रवाल्यासारखं. "सगळे हेच वाण नेऊन राह्यले भाऊ," म्हणून तो पाकीट पुढं करतो. खोटं बोलत नाही तो. पण तुमचं वावर काळीचं की बरडाचं, पाणी किती, हे त्याला ठाऊक नसतं. बांधाला बांध असलेला शेजारी म्हणतो, "तुझ्या वरच्या तुकड्यात हे नको लावू," तेव्हा त्यामागं दहा वर्षांचं बघणं असतं.

शिवाय एक अडचण मुळातच आहे. जे गाणं अजून फारसं कुणी ऐकलेलंच नाही, त्याच्याबद्दल ‘ज्यांनी हे ऐकलं त्यांनी’ असं म्हणणार कसं? ॲपवाले गाण्याचा ठेका-सूर तपासून वगैरे यावर उपाय करतात. तरीही पहिले शे-दोनशे ऐकणारे बहुतेक माणसांनीच जोडलेले असतात. मला ॲपचा राग नाही, मीही त्याच्यावरून बरंच ऐकलं. पण आयुष्यात रुतून बसलेले अल्बम मोजले तर जवळजवळ सगळ्यांच्या मागं एकेक माणूस उभा आहे. अमरावतीच्या हॉस्टेलचा रूममेट, पुण्याच्या नोकरीतला एक सहकारी, आणि एक तर एसटीतला शेजारी, ज्याचं नावही विचारायचं राहिलं.

## द्यायचं कसं, यात खरी गंमत आहे

तालुक्याच्या स्टँडजवळ पूर्वी कॅसेट भरून देणारा असायचा. आपण कागदावर यादी लिहून न्यायची, तो कोऱ्या कॅसेटवर गाणी भरायचा. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. त्यामुळे यादी करताना जीव जायचा. एक घेतलं की एक सोडावं लागे. शेवटचं गाणं मावलं नाही तर अर्ध्यात तुटे, आणि पुढं कितीतरी वर्षं ते गाणं आठवतानाही तिथंच तुटे. नंतर मोबाईलवाल्यांकडे चिप भरून मिळायला लागली. काही रुपयांत पाचशे गाणी, कुणी निवडलेली नाहीत, फोल्डरचं नाव ‘न्यू’. त्या पाचशेतलं एकही गाणं मला कुणी दिलं असं म्हणता येत नाही. ते फक्त माझ्याकडे आलं.

लिंक पाठवणं चिपसारखंही होऊ शकतं आणि कॅसेटसारखंही. मी आधी चिपवाला होतो. एका रात्री, रात्रपाळीची लाईन होती आणि पाणी द्यायला जागाच होतो, तेव्हा मित्रांच्या ग्रुपवर उत्साहात १७ लिंका टाकल्या. सकाळी त्याखाली एकच उत्तर: गुड मॉर्निंगचा उगवता सूर्य, तोही एकानं न बघता रोजच्यासारखा टाकलेला. दोन दिवस मी रुसून होतो. मग लक्षात आलं की मी त्यांना काही दिलंच नव्हतं, माझं टोपलं त्यांच्या अंगणात उपडं केलं होतं.

विरजणाचं उदाहरण घ्या. विरजण चमचाभरच लागतं. वाटीभर घातलं तर दही आंबट ढोण होतं. दूध कोमट हवं. उकळत्यात टाकलं तर नासतं, थंडगारात टाकलं तर काहीच होत नाही. तसं एक गाणं, एका माणसाला, त्याची वेळ बघून. आमच्यातला एक मित्र ट्रॅक्टरवर असतो. त्याला हळू गाणं पाठवण्यात अर्थ नाही, इंजिनाच्या आवाजात ड्रमच ऐकू येणार. दुसरा रात्री पाणी द्यायला जातो, मोटर सुरू करून दोन-तीन तास बांधावर बसून असतो. लांबलचक, सावकाश चढत जाणाऱ्या गाण्यांसाठी यापेक्षा चांगला श्रोता मुंबईतही सापडायचा नाही.

सोबत एक ओळ लिहावी. "भारी आहे, ऐक" ही ओळ नव्हे, ती रोज शंभर रिळांखाली असते. "दुसऱ्या कडव्यानंतर सगळं थांबतं आणि फक्त बेस राहतो, तिथं बघ" असं काहीतरी. म्हणजे ऐकणाऱ्याला कुठं कान लावायचा ते कळतं, आणि ती जागा त्याला नाही आवडली तर बोलायला विषय तरी मिळतो. कुठलं गाणं आधी द्यायचं यावर आमच्यात दोन तट आहेत. मोर्शीचा मित्र म्हणतो, अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं द्या. मला वाटतं ते ऐकणाऱ्यानं कुठंतरी ओझरतं ऐकलेलं असण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी दारातलं गाणं द्यावं: फार विचित्र नाही, फार गोडही नाही, पण ज्यातून आत डोकावावंसं वाटेल असं.

आणि "ऐकलं का?" म्हणून मागं लागू नये. मी हे पाळतो असं म्हणणार नाही.

रेंज आणि डेटाची काळजीही थोडी करा. मध्यम दर्जाच्या ऑडिओला, म्हणजे १६० केबीपीएसला (सेकंदाला १६० किलोबिट), मिनिटाला साधारण १.२ एमबी लागते. चाळीस मिनिटांचा अल्बम ५० एमबीच्या आतच बसतो. व्हिडिओला याच्या कितीतरी पट जातं. तेव्हा ऑडिओची लिंक द्या आणि वावरात रेंज नसेल तर घरूनच डाउनलोड करून न्यायला सांगा. स्पीकरसमोर दुसरा फोन धरून व्हॉइस मेसेज करणाऱ्यांना हात जोडून विनंती. व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी बनवलाय, त्यात बेस उरतच नाही.

## "आम्ही ऐकून त्या गाणाऱ्याला काय मिळते?"

थोडंच, आणि ते कसं वाटलं जातं हे समजून घेण्यासारखं आहे. बहुतेकांना वाटतं, मी महिन्याचे पैसे भरले आणि एकाच बँडला ऐकलं तर माझे पैसे त्यालाच जातील. तसं होत नाही. स्पॉटिफायसारख्या ॲपवर एका बाजारातला, म्हणजे साधारण एका देशातला, सगळा पैसा आधी एका ढिगात जातो. ॲप आपला वाटा काढतं. उरलेला ढीग, एकूण ऐकण्यात कुणाच्या गाण्यांचा किती हिस्सा, त्या प्रमाणात गाण्यांच्या मालकांत वाटला जातो. समजा गावातल्या सगळ्यांनी गणेशोत्सवाची वर्गणी दिली आणि ती कुठल्या मंडळाला जायची हे ठरलं सगळ्यात मोठा डीजे कुणाचा यावरून. तुम्ही पावती कुठल्या मंडळाची फाडली याला अर्थ राहत नाही.

गाणं ३० सेकंदांच्या वर वाजलं तरच ते मोजलं जातं. आणि २०२४ पासून स्पॉटिफायनं अशीही अट घातली आहे की मागच्या १२ महिन्यांत १००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळणार नाही. मोठ्याला ही अट दिसतही नाही. पण छोट्या बँडच्या बाबतीत आमच्या ४० जणांच्या ग्रुपनं एक गाणं वर्षात प्रत्येकी २५ वेळा ऐकलं, तर हजाराचा आकडा आम्हीच गाठून देतो. म्हणून ऐकणाऱ्यांची संख्या इथं अगदी खालच्या पायरीवर सगळ्यात जास्त मोलाची.

थेट पैसे द्यायचे असतील तर बँडकँप नावाची वेबसाईट आहे, २००८ पासूनची. तिथं अल्बम विकत घेता येतो, कलाकारानं ठेवलेल्या किमतीपेक्षा जास्तही देता येतात, आणि डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के कापून घेतात. आपली मंडीची अडत आठवून बघा आणि काय ते ठरवा.

## फाईलच पाठवली तर चोरी होते का?

लिंक पाठवणं म्हणजे दुकानाचा पत्ता सांगणं. फाईल पाठवणं म्हणजे वस्तूची नक्कल काढून देणं, आणि नक्कल काढायचा हक्क मालकाचा असतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि ध्वनिमुद्रणाला तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण देतो. मग ती भरलेली कॅसेट? ती नक्कलच होती, नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा आमच्या तालुक्यात ती रेकॉर्ड विकत मिळायची सोयच नव्हती, हे कारण आहे, सबब नाही. आज लिंक फुकट पाठवता येते आणि तिच्यावरून ऐकलं तर मोजणीत धरलं जातं. मग फाईल कशाला पाठवायची?

## "इंग्रजीत काय कळते आपल्याले?"

शब्द नाही कळत सगळे, मलाही नाही. पण होळीला बंजारा तांड्यावरची लेंगी ऐकायला आपण जातोच की. गोरमाटी येत नसली तरी पाय थांबत नाहीत. शिवाय इंडी म्हणजे इंग्रजीच असंही नाही. बंगळुरूचा ‘परवाझ’ हा बँड उर्दू आणि काश्मिरीत गातो. ‘द लोकल ट्रेन’ हिंदीत गातो. ‘अवियल’ मल्याळममध्ये. ‘अभंग रिपोस्ट’वाले तर आपलेच अभंग गिटार-ड्रमवर घेतात. ते मी आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना ऐकवलं, तर ते तीन मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "टाळ कमी पडून राह्यला." यापेक्षा बारीक समीक्षा मी अजून वाचलेली नाही.

आणि स्वतःच्या जोरावर रात्रभर लोकांना बसवून ठेवणं आपल्याला नवीन आहे का? पूर्व विदर्भातल्या, वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीकडे बघा. दिवाळीनंतर मंडळ्या निघतात, गावोगावी मांडव पडतात, नाटक चांगलं असलं की बातमी पुढच्या गावी पायी पोचते. त्यांना कुणी इंडी म्हटलं नाही एवढंच.

## मोठे झाले की इंडी राहत नाहीत?

हा वाद चाळीस वर्षं चालू आहे. निर्वाणा या अमेरिकी बँडनं पहिला अल्बम साधारण ६०० डॉलरांत ध्वनिमुद्रित केला, १९८९ मध्ये एका छोट्या लेबलावर काढला आणि दुसरा १९९१ मध्ये मोठ्या कंपनीच्या लेबलावर. तो जगभर खपला आणि जुने चाहते नाराज झाले. धंद्याच्या अर्थानं बघाल तर ते इंडी उरले नाहीत. गाण्याच्या अर्थानं कान ठरवेल. माझ्यापुरतं सांगतो, ज्यानं बाग उक्ती दिली त्याला मी नावं ठेवत नाही. घरी लग्न निघालेलं असू शकतं.

भाचा परत जायला निघाला तेव्हा विचारू लागला, मग मी सुरुवात कशानं करू. त्याला इंग्रजी गाण्याची धास्ती, वय एकोणीस, आणि वरुडहून अमरावतीपर्यंत एसटीचा प्रवास समोर. ‘द लोकल ट्रेन’चा २०१५चा पहिला अल्बम घरच्या वायफायवर डाउनलोड करून दिला. क्रमानं ऐक, मधलं एकही ओलांडू नको, एवढंच सांगितलं. मोर्शी सोडल्यावर त्याचा मेसेज आला: "मामा, चौथं गानं तीनदा आयकलं. पुढचं अजून लावलंच नाही."